जाळीच्या अलीकडं दोन हात

"चिमा, दिसला का रे?" डॉक्टर भडकमकरांनी विचारलं, तेव्हा बॉल माझ्या उजव्या टाचेखाली होता.

"नाही साहेब," मी म्हणालो.

इतकं सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. मी खोटं बोलायला लागलो की माझे कान लाल होतात, असं आई नेहमी म्हणायची. त्या दिवशी टोपी कानांवर ओढलेली होती, हे माझं नशीब.

डॉक्टर गुडघे टेकून हातांनी गवत बाजूला सारत होते. पांढरीशुभ्र पँट चिखलात गेली होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. आणि बॉल त्यांचा नव्हताच. तो होता त्यांच्यासमोर खेळणाऱ्या रणदिवे साहेबांचा. तो सापडला नाही तर फायदा डॉक्टरांचाच होता, तरी ते सगळ्यांत मन लावून शोधत होते. मी त्यांचा कॅडी, त्यांची बॅग माझ्या खांद्यावर, आणि मी बॉलवर उभा.

हे शहाऐंशी सालचं. भैरवटेकच्या गोल्फ क्लबात दिवाळीच्या कपाची फायनल चालली होती. आमचा क्लब म्हणजे पुण्या-मुंबईच्या मोठ्या लोकांचा. इंग्रजांनी डोंगराच्या अंगावर अठरा होल आखले आणि निघून गेले, मागे हिरवळ आणि नियम ठेवून. त्यातला एक नियम असा की दिवाळीचा कप जो जिंकेल तो वर्षभर क्लबाचा कॅप्टन. कमिटीत मतं समसमान पडली तर शेवटचा शब्द कॅप्टनचा.

त्या वर्षी मतं समसमान पडली होती, आणि ती आमच्या वाडीच्या वाटेवरून.

आमची वाडी क्लबाच्या पलीकडच्या उतारावर. घाटरस्ता अलीकडे. वाडीची पाऊलवाट सतराव्या होलच्या कडेने क्लबातूनच जायची, इंग्रजांच्याही आधीपासून. सकाळी बाया दुधाच्या किटल्या घेऊन तिथूनच डेअरीच्या गाडीला गाठायच्या, पोरं तिथूनच शाळेची एसटी धरायची. ही वाट बंद झाली की डोंगराला वळसा, दोन तास. त्या पावसाळ्यात एका बाईच्या खांद्याला बॉल लागला आणि हाड मोडलं. रणदिवे साहेबांनी तिचा दवाखाना केला, पण कमिटीत सांगितलं, "कुंपण घाला. उद्या कुणाच्या डोक्याला लागला तर?" डॉक्टर म्हणाले, "लोकांची वाट आहे, आपण जपून खेळू." दोघेही खरं तेच बोलत होते. पण कप एकालाच मिळणार होता.

माझी बहीण शेवंता तेव्हा आठवीत होती. वाडीतली आठवीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. बापाने आदल्या रात्री भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं होतं, "वाट बंद झाली तर पोरीची शाळाबी बंद. दोन तास रानातनं एकली धाडायची न्हाय मला. वरल्या वाडीचं स्थळ हाय." शेवंता चुलीपुढे बसली होती. तिने लाकूड आत सारलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं, जसं काही गोल्फ मीच खेळणार होतो.

सोळा होल झाले तेव्हा दोघे बरोबरीत होते.

सतरावा होल आंधळा. टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून मारायचं, पुढे डोंगराची धार आडवी, बॉल धारेपलीकडे कुठे पडतो ते मारणाऱ्याला दिसतच नाही. म्हणून धारेवर आगेवाला उभा असतो. बॉल कुठे पडला ते त्याने बघायचं, आणि काठीने दाखवायचं. आमच्या क्लबाचा आगेवाला म्हणजे धाकलू ढेबे. वाडीतला आबा. साठीला आलेला, वाळलेल्या शेंगेसारखा माणूस, छातीवर पितळी बिल्ला. बावीस वर्षांत त्याने एक बॉल हरवला नव्हता. सीझनला आलेले साहेब पैजा लावायचे आणि हरायचे. कड्यावरची मधाची पोळी काढायला वाडी त्यालाच पुढे करायची. मधमाशी ओढ्यावर पाणी प्यायली की ती कुठल्या कपारीत शिरली ते तो खालून सांगायचा.

मला क्लबात त्यानेच लावलं. पहिल्या दिवशी धारेवर उभं करून म्हणाला, "बॉल पडला की पापनी लवायची न्हाय. आनि जागा दावायची ती सोताच्या आईसमोर दावतो तशी. अंदाजानं बोट करायचं न्हाय. आगेवाल्याचा शबूद एकदा खोटा पडला, की मग त्यो धारंवर नुसता खांब."

तर सतराव्याला रणदिवे साहेबांनी आधी मारलं. आवाजावरूनच कळलं, बॉल डावीकडे गेला. धारेवर आबाने काठी जमिनीवर आडवी ठेवली, टोक बॉलच्या दिशेला. ही त्याची पद्धत. म्हणजे दुसरा बॉल बघताना पहिल्याची रेघ मोडत नाही. मग डॉक्टरांनी मारलं. त्यांचा सरळ, मधोमध.

आम्ही वर चढलो. आबा म्हणाला, "डाक्टर सायबांचा मैदानात. रनदिवे सायबांचा त्या करवंदीच्या जाळीच्या अलीकडं दोन हात. झऱ्याच्या वल्यात हाय, पर उभा हाय. मारता यील."

मारता येईल, म्हणजे होल बरोबरीत जाईल. आणि अठरावा रणदिवे साहेबांचा हातखंडा, आख्ख्या क्लबाला ठाऊक.

आबा नियमाप्रमाणे धारेवरच थांबला. मी बॅग सावरत पुढे पळालो. बॉल शोधायला सगळे कॅडी पळतातच, त्यात वावगं काही नव्हतं. रणदिवे साहेबांचा कॅडी पायाने अधू, तो मागे राहिला. जाळीच्या अलीकडे दोन हात, तंतोतंत तिथे, बॉल होता. ओल्या गवतावर पारव्याच्या अंड्यासारखा पांढरा. वर दोन हिरवे ठिपके, रणदिवे साहेबांची खूण.

मी काही ठरवलं नव्हतं. आजवर कुणाला सांगितलं नाही, पण सांगताना एवढं खरं सांगतो, की मी काही ठरवलं नव्हतं. पाय पुढे पडला. टाचेखाली काहीतरी गोल आलं, आणि मग ते मऊ मातीत हळूच खाली गेलं. गार पाणी कॅनव्हासच्या बुटात शिरलं. एवढंच झालं.

"पाच मिनिटं," सेक्रेटरी कोतवाल म्हणाले आणि त्यांनी घड्याळ दाबलं. ते पंच होते. तेव्हाच्या नियमाने पाच मिनिटांत बॉल सापडला नाही तर तो हरवला, आणि दंड घेऊन टीवरून पुन्हा मारायचं.

पाच मिनिटं म्हणजे काय, ते एका जागी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी डावा पाय हलवत होतो, वाकत होतो, बॅगेतल्या काठीने गवत उलटंपालटं करत होतो. उजवा पाय जागचा हलवत नव्हतो. खांद्यावरची बॅग एका बाजूला ओढत होती, आणि पोटरीला हळूहळू कळ लागत चालली होती.

"इथंच कुठंतरी असायला हवा," रणदिवे साहेब म्हणाले. चिडलेले नव्हते. त्यांचा आबावर एवढा भरवसा, की बॉल सापडणार नाही असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. "धाकलू म्हणाला म्हणजे इथंच."

"तीन मिनिटं राहिली," कोतवाल म्हणाले.

डॉक्टर माझ्यापासून हातभर अंतरावर गुडघ्यांवर होते. त्यांनी मान वर केली. "चिमा, तुझ्या बाजूला नीट बघितलंस ना?"

"बघितलं साहेब."

त्यांनी लगेच मान खाली घातली आणि दुसरीकडे सरकले. त्या माणसाला फसवताना मला जेवढी लाज वाटली तेवढी रणदिवे साहेबांना फसवताना वाटली नाही. आणि खरी लाज तर अजून धारेवर उभी होती.

आबा खाली उतरला.

आगेवाल्याने धार सोडायची नसते. पण फायनल होती, मागून खेळणारं कुणी नव्हतं, आणि खाली एवढी माणसं त्याने दाखवलेल्या जागेवर रिकाम्या हातांनी फिरत होती, हे त्याला बघवलं नसावं. काठी समोर धरून तो नाकासमोर चालत आला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. तोंडाने पावलं मोजत होता. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आबा, चुक. एकदा तरी चुक. वाटेत दगडाला ठेच लाग, पाऊल वाकडं पडू दे.

तो येऊन माझ्यापुढे थांबला. काठीचं टोक माझ्या बुटापासून चार बोटांवर.

"हितं," तो म्हणाला.

मी डाव्या पायाने गवत सारत राहिलो.

"चिमा, हितं पडला. डोळ्यानं बगितलाय म्या. पडला, येक टप्पा घेतला, बसला."

"दोन मिनिटं," कोतवाल म्हणाले.

आता तो फक्त एवढंच म्हणाला असता, की चिमा, जरा बाजूला हो. मी झालो असतो. देवाशपथ झालो असतो. माझ्या अंगात तेवढा दम उरलाच नव्हता. पण तो तसं म्हणाला नाही. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तू बगितलंस का हितं?"

मला शेवंता दिसत होती, चुलीपुढे बसलेली.

"बगितलं आबा," मी म्हणालो. "हितं न्हाय."

त्याने पायाखाली बघितलं नाही. तो माझ्याकडेच बघत राहिला, फार तर दोन श्वास. मग त्याची काठी जमिनीवरून उचलली गेली आणि अंदाजाने इकडे तिकडे फिरू लागली. जाळीपाशी गेला, झऱ्यापाशी गेला, परत आला. आजवर मी त्याला कधी अंदाजाने शोधताना बघितलं नव्हतं. एकदा तर त्याने तळहाताने डोळे चोळले आणि धारेकडे वळून परत अंतर जोखलं.

"संपली," कोतवाल म्हणाले.

रणदिवे साहेब टीवर परत गेले नाहीत. डॉक्टरांपुढे हात केला आणि होल देऊन टाकला. जाता जाता आबाच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे धाकलू," ते म्हणाले. "वय झालं आपलं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. आबाने तोंडाला तोंड दिलं असतं. तो काही कुणाला घाबरणारा माणूस नव्हता. पण हे मायेचं बोलणं होतं. तो नुसता "व्हय साहेब" म्हणाला.

अठरावा बरोबरीत सुटला. डॉक्टर जिंकले. वाट राहिली.

संध्याकाळी क्लबाच्या ओसरीवर चहा चालला होता, तेव्हा आबा वर आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने छातीवरचा बिल्ला काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि कोतवालांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय धाकलू? एका बॉलसाठी?" डॉक्टर उठून उभे राहिले.

"बॉलचं न्हाय साहेब. म्या जागा दावली आनि जागंवर काय नव्हतं. आता डोळ्यांचा काय नेम? उद्या कुनाला लागंल."

मी पायरीवर बसून डॉक्टरांचे बूट पुसत होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. पायरीपासून टेबल दहा पावलं होतं. मी बूट इतके पुसले की डॉक्टर म्हणाले, "पुरे रे, कातडं निघेल."

दिवस मावळायच्या आत मी जाळीपाशी जाऊन चाकूने माती उकरली आणि बॉल काढला. दोन हिरवे ठिपके जसेच्या तसे. घरी नेऊन आढ्याच्या वाशामागे ठेवला. त्या रात्री बापाने गुळाचा खडा वाटला. वाडीत मी शूर ठरलो, डॉक्टरांचा कॅडी म्हणून. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण त्या दांड्याला गूळ भरवतात, हे मला त्या रात्री कळलं.

शेवंता शिकली. दहावी झाली, नर्सिंगला गेली, तालुक्याच्या दवाखान्यात लागली. मी कॅडींचा मुकादम झालो. आणि आबा त्याच वाटेवरून काठी टेकत चालू लागला.

आधी मला वाटलं, महिना दोन महिने दुखेल, मग विसरेल. तो विसरला नाही. मधाची पोळी काढायचं सोडलं. "कपार दिसंल, पाय पडंल भलतीकडं," म्हणायचा. गुरं राखायची सोडली, कारण संध्याकाळी मोजताना चुकेन म्हणून. घाटरस्ता ओलांडताना नातीचा हात धरायचा. समोरून मी आलो तरी आधी विचारायचा, "कोन? चिमा का?" मला वाटायचं, म्हातारपण आहे, खरंच दिसत नसेल. असं वाटणं माझ्या सोयीचं होतं. अकरा वर्षं मी ती सोय वापरली.

मग एका रविवारी शेवंता घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "दादा, आबांना मी परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मोतीबिंदू असेल म्हणून."

"मग?"

"काही नाही. काडीचंही काही नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढे डोळे मी बघितले नाहीत. खालची ओळ सुद्धा वाचून दाखवली, आकड्यांची. तिथे सुद्धा आधी विचारत होते, बरुबर हाय का, बरुबर हाय का. मी म्हटलं, आबा, तुमचे डोळे ठणठणीत आहेत. तर मला म्हणतात, डाक्टरला काय ठावं पोरी, म्या बॉल हरिवलाय." ती माझ्याकडे बघत राहिली. "अकरा वर्षं तो माणूस धडधाकट डोळ्यांनी आंधळ्यासारखा चालतोय, दादा. असं का होतं रे?"

ती नर्स होती, म्हणून विचारत होती. मी वाशामागे हात घातला.

आबा वाटेवरच भेटला, सतराव्याच्या कडेला, दुपारचा. दगडावर टेकला होता. समोर ती करवंदीची जाळी, वाढून दुप्पट झालेली.

"कोन? चिमा का?"

मी बॉल त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो चाचपला नाही, डोळ्यांजवळ नेला नाही. हातभरावरूनच बघितलं.

"दोन हिरवं ठिपकं," तो म्हणाला. "रनदिवे सायबांचा."

"व्हय."

"कुटं गावला?"

"जाळीच्या अलीकडं दोन हात," मी म्हणालो. "माझ्या पायाखाली व्हता, आबा. त्या दिशी. मी त्याच्यावर उभा व्हतो."

वाटेवरून दुधाच्या रिकाम्या किटल्या घेऊन दोन बाया गेल्या. आबाने त्यांना जाऊ दिलं.

"वाटंसाठी?"

"शेवंताच्या शाळंसाठी."

"हं." त्याने बॉल हातात फिरवला. "वाटंचं आपुन कायतरी केलं असतं रं. सगळ्यांनी जाऊन सायबाचं पाय धरलं असतं. न्हायतर कुंपान मोडलं असतं रातीचं. वाडीला काय नवं हाय व्हय ते." मग थांबून म्हणाला, "तू म्हनलास, हितं न्हाय. म्या म्हनलं, हे पोरगं आपल्या हाताखालचं, हे कशाला खोटं बोलंल? मग डोळंच खोटं बोललं असतील. दोगांतला येक कुनीतरी खोटा धरायचा व्हता. म्या डोळ्यास्नी धरलं."

मी त्याच्या पायाशी वाकलो. त्याने पाय मागे घेतला.

"आबा, मी क्लबात जाऊन सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो. बिल्ला परत..."

"सांग न्हायतर नको सांगू. तुझं तू बग."

तो उठला. काठी त्याने माझ्या हातात दिली, बॉल स्वतःच्या खिशात टाकला आणि वाडीकडे उतरायला लागला. उतार वाईट, दगड सुटलेले. अकरा वर्षांची सवय; तिसऱ्या पावलाला तो लटपटला. मी काठी घेऊन पुढे धावलो.

"तितंच थांब," तो मागे न बघता म्हणाला. "जागचा हलू नगं. तुला येतंय ते."

तो वाट न्याहाळत, एकेक दगड डोळ्यांनी निवडत खाली गेला. वळणाआड दिसेनासा होईपर्यंत मी हललो नाही.